छायाचित्र अस्पष्ट का आले?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. ते १९८० साली स्थापन झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर! तेथील गवताळ माळावर काळविटांचे कळप दिसतात.

काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही. म्हणून दोन वर्षे पैसे साठवून मी दूरचे दृश्य जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स घेतली. पहिल्याच रविवारी दुपारी साठ छायाचित्रे काढली. घरी पाहतो तर जवळजवळ सारी अस्पष्ट! आपोआप फोकस करणारी यंत्रणाच बिघडली असावी, असे वाटले. लेन्स परत करायला चारच दिवस उरले होते.

तुम्ही काय केले असते? तडक दुकान गाठले असते ना? मीही निघालो होतो. पण आधी छायाचित्रे मोठी करून पाहिली. काहींत काळवीट पुसट, तर पुढचे गवत अगदी स्पष्ट होते. म्हणजे फोकस झाला होता, पण भलत्याच जागी. फोकसचा बिंदू निवडायचे काम मी कॅमेऱ्यावर सोडले होते आणि अशा वेळी तो बहुधा जवळची वस्तू धरतो. बाकीच्या छायाचित्रांत मात्र कुठेच काही स्पष्ट नव्हते. हात हलला म्हणावे, तर शटरचा वेग १/१००० सेकंद होता. दोष उन्हाचा होता. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर जाते, तिच्यातून येताना प्रकाशकिरण वाकतात आणि दृश्य थरथरते. दुपारी डांबरी रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो ना, तोही तापलेल्या हवेमुळेच.

तरी लेन्सची परीक्षा बाकी होती. सावलीत टेबलावर काड्यापेटी उभी केली व शेजारी मोजपट्टी तिरकी ठेवली. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला. फोकस होईचना! लेन्स अडीच मीटरांहून जवळचे पाहू शकत नव्हती आणि मी दोनच मीटरांवर होतो. मग चार मीटर मागे गेलो. पाच छायाचित्रे व्ह्यूफाइंडरमधून पाहून काढली, पाच मागच्या पडद्यावर पाहून. कारण माझ्या कॅमेऱ्यात या दोन्हींसाठी फोकसची यंत्रणा वेगवेगळी आहे. पहिल्या पाचांत दर वेळी पेटीऐवजी मोजपट्टीचा पुढचा किंवा मागचा भाग स्पष्ट आला असता, तर कॅमेरा आणि लेन्स यांचा मेळ चुकला असे ठरले असते. दहाही पुसट आली असती, तर लेन्सवरच संशय घ्यावा लागला असता. पण दहाही छायाचित्रांत पेटीवरची बारीक अक्षरे वाचता आली.

पुढच्या रविवारी ऊन तापण्यापूर्वीच रेहेकुरीला पोहोचलो. मधला एकच बिंदू निवडून तो एका नराच्या डोळ्यावर धरला. ते छायाचित्र आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. त्यात त्याच्या पापण्यासुद्धा दिसतात.