दस्तात सूर्यास्त लिहीत नाहीत

रंकाळ्याच्या काठावर घर हवं म्हणून माझ्याकडे येणारे लोक साधारण तीन तऱ्हेचे असतात. पुण्या-मुंबईतली नोकरी संपवून गावी परतणारे, पेठेतल्या वाड्याच्या वाटण्या झाल्यामुळे बाहेर पडणारे आणि चार पैसे कुठं तरी गुंतवायचे म्हणणारे. तिघांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो, "खिडकीतून पाणी दिसतं का?" इस्टेट एजंट म्हणून माझं पोट याच प्रश्नावर चालतं, त्यामुळे आता जे लिहितोय ते धंद्याला मारक वाटेल. पण तळ्याकाठच्या घराबद्दल हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारावं ते हे, की इथलं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं.

आमच्या धंद्यातली एक उघड गोष्ट सांगतो. रंकाळ्याजवळचा फ्लॅट आम्ही दुपारी दाखवत नाही. पार्टीला संध्याकाळी साडेपाचला बोलावतो, आणि दिवस निवडायची मुभा असेल तर दिवाळीनंतरचा. तेव्हा तळं भरलेलं असतं, हवेत गारवा असतो, समोरच्या काठावर शालिनी पॅलेसचा घड्याळाचा मनोरा असतो, आणि सूर्य नेमका त्याच बाजूला कलतो. पद्माराजे उद्यानाकडून माणसं फेरी मारायला निघालेली असतात, चौपाटीवर भेळेच्या गाड्या लागलेल्या असतात. अशा वेळी बाल्कनीत उभं राहिलेल्या माणसाला स्वयंपाकघरात कोंदट वास येतोय का, हे तपासायचं सुचत नाही. भाव तिथंच ठरतो.

शिक्षकी पेशातून निवृत्त झालेलं एक जोडपं माझ्याकडे आलं ते घ्यायला नव्हे, विकायला. फ्लॅट पूर्वेच्या काठाला, चौथ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला. जाहिरातीत लिहितात तसा अगदी 'लेक व्ह्यू'. दोन पावसाळे काढले आणि कंटाळले. कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेकडून येतो. तळ्याच्या उघड्या पात्रावरून वारा सुटला की त्याला अडवायला मध्ये झाड नाही की भिंत नाही, झड थेट बाल्कनीवर येते. त्यांच्या हॉलच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे निघाले, सागवानी दरवाजा फुगून बसेना. उन्हाळ्यात तीच बाल्कनी दुपारभर तापायची. संध्याकाळी गारवा आला की डास यायचे, म्हणून दारं बंद. शनिवार-रविवारी खाली गाड्यांची गर्दी एवढी, की स्वतःच्या फाटकातून गाडी काढायला हॉर्न वाजवत बसावं लागे. काकू मला म्हणाल्या, "दादा, तळं दिसतं हो छान, पण खिडकी उघडेल तेव्हा ना!"

त्यांच्या घरात वाईट असं काही नव्हतं. बांधकाम बरं होतं, कागद स्वच्छ होते. घर बघितलं होतं नोव्हेंबरात आणि राहायला गेले जूनमध्ये, एवढंच. म्हणून मी आता प्रत्येकाला सांगतो, तळ्याकाठचं घर तीन वेळा बघा. एकदा भर पावसात, एकदा एप्रिल-मेच्या दुपारी आणि एकदा रविवारी रात्री आठ वाजता. शक्य झालं तर गणपतीतही एक चक्कर मारा. इराणी खणीवर विसर्जनाला गर्दी लोटते तेव्हा कुठले रस्ते बंद होतात आणि घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात कुठून न्यायचं, हे त्या दिवशी कळतं. एवढा वेळ नसेल, तर खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा. वरच्या मजल्यावरचे दृश्याबद्दल बोलतात, खालचे वासाबद्दल आणि ओलीबद्दल.

दुसरा अनुभव दृश्याचाच. एका तरुण डॉक्टरांनी जास्तीचे पैसे मोजून मागच्या रांगेतल्या इमारतीत फ्लॅट घेतला. समोर जुना बैठा बंगला होता आणि त्याच्या कौलांवरून तळं दिसायचं. पुढे बंगलेवाल्यांच्या वारसांनी जागा विकसनाला दिली आणि तिथं इमारत उभी राहिली. डॉक्टर माझ्याकडे तावातावाने आले, म्हणाले केस करतो. मी त्यांना त्यांचंच खरेदीपत्र उघडून दाखवलं. त्यात चतुःसीमा लिहिल्या होत्या: पूर्वेस अमुक सर्व्हे नंबर, पश्चिमेस तमुक मिळकत. पश्चिमेस सूर्यास्त, असं कुठल्याही दस्तात लिहीत नाहीत. तुम्ही विकत घेता ती जागा. दृश्य समोरच्या मालकाच्या मर्जीवर असतं. म्हणून दृश्यासाठी वेगळी रक्कम मोजताना मधल्या जागेचा मालक कोण, तिथं बांधकामाची परवानगी किती मिळू शकते, विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय, हे आधी बघावं. मध्ये सार्वजनिक रस्ता किंवा बाग असेल तरच दृश्य टिकेल, असं समजावं. बाकी ठिकाणी ते उसनं आहे.

आता मूळ मुद्दा, पाण्याचा.

रंकाळा ही खूप जुनी खाण, तिथला दगड अंबाबाईच्या देवळाला गेला, असं जुने लोक सांगतात. काठावरच्या नंदीचीही गोष्ट प्रसिद्ध आहे. तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, तो पाण्यात पोचला की प्रलय. काठावरची बांधकामं मात्र पुढेच सरकत आली, तांदळाएवढीही मागे आली नाहीत. तळ्याच्या वरच्या अंगाला वस्ती वाढली आणि तिचं सांडपाणी नाल्यांतून तळ्यात उतरू लागलं. श्याम सोसायटीचा नाला, सरनाईक कॉलनीचा नाला, परताळा ही नावं कोल्हापुरात वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. मैलापाण्यावर केंदाळ माजलं, मधल्या काही वर्षांत पाणी हिरवंगार होऊन काठाला उभं राहवेना. केंद्राच्या तलाव संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, नाले वळवले, केंदाळ काढलं, काठ सुशोभित झाला. तळं सुधारलं हे खरं, पण नाला फुटला किंवा पंप बंद पडला की वास परत येतो. म्हणून घर नाल्याच्या तोंडापासून किती लांब आहे ते पायी चालून बघा. तळ्यापासूनचं अंतर ब्रोकर सांगतोच, नाल्यापासूनचं अंतर तुम्हालाच मोजावं लागतं.

पाणी जातं कुठं, हे त्याहून महत्त्वाचं. रंकाळा भरला की जादा पाणी दुधाळीच्या नाल्यातून पंचगंगेकडे जातं. साध्या पावसाळ्यात ते गेलेलं कळतही नाही. पण पंचगंगा चढली की नाल्याला नदीत शिरायला जागा उरत नाही आणि पाणी मागे फिरतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या दोन्ही वेळी शहराच्या सखल भागातल्या ज्या घरांत पाणी शिरलं, त्यांतल्या अनेकांना नदी घरातून दिसतसुद्धा नव्हती. नदी त्यांच्याकडे जयंती नाल्यातून आली, दुधाळीतून आली, गटारीतून आली. तळ्याच्या काठावरचं उंच घर कोरडं राहिलं आणि तिथून चालत दहा मिनिटांवरचं, तळं न दिसणारं घर पाण्यात गेलं, असंही झालं. म्हणजे अंतरापेक्षा पातळी बघायची.

त्यासाठी पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांवर निर्धास्त होऊ नका. आपण दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर बघितलेत. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, त्यात मिळकत कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला येते ते बघा. आणि कागद हातात आला तरी गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, "एकोणीसला पाणी कुठंपर्यंत आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. "बघा की, अजून डाग गेला नाही," म्हणतो. विकणारा डाग रंगवून टाकतो, शेजारी कशाला रंगवेल?

या शहरात बुजवलेली तळीही कमी नाहीत. कपिलतीर्थावर मंडई भरते, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं आहे. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी साचतं आणि दर वर्षी त्याची बातमी होते. वरून भराव टाकला म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही. उपनगरांत आजही ओढ्याकाठी मुरूम टाकून प्लॉट पाडले जातात. प्लॉट बघायला गेलात तर जुना सिटी सर्व्हेचा किंवा गावचा नकाशा मागा आणि त्यावर ओढ्याची रेघ शोधा. रेघ असेल आणि जागेवर ओढा दिसत नसेल, तर तो तुमच्या पायाखाली आहे.

रंकाळा परवडत नाही म्हणून बरेच जण कळंब्याकडे वळतात. संस्थानकाळात बांधलेला, मागे कात्यायनीचे डोंगर असलेला हा तलाव देखणा आहे यात वाद नाही. पण इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, काही उन्हाळ्यांत या तलावाने तळ गाठलेला आहे. जाहिरातीतलं निळं पाणी बारमाही असेलच असं नाही. दुसरी, १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली तरी शहराची हद्दवाढ वर्षानुवर्षं रखडत राहिली. त्यामुळे कळंबा, पाचगाव, मोरेवाडी या भागांत रस्त्याच्या या बाजूला महापालिका आणि त्या बाजूला ग्रामपंचायत असा प्रकार दिसतो. तुमच्या मिळकतीला पाणी कुणाचं, कचरा कोण उचलतं, घरफाळा कुठं भरायचा आणि बांधकाम परवाना कुणाच्या सहीचा, हे चार प्रश्न लेखी उत्तरासह सोडवून घ्या. "हद्दवाढ झाली की भाव दुप्पट" असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि निघा.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते कुठल्याही घराला लागू आहे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड स्वतः काढा, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ आहेत आणि त्या सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. त्यामुळे जुने फेरफार वकिलाकडून वाचून घ्या. जागेवर आरक्षण आहे का ते बघा. शालिनी सिनेटोन आणि जयप्रभा या स्टुडिओंच्या जागांवरून शहरात किती वाद झाले, ते आठवा. ज्या जागेवर गावाचा जीव आहे तिथं बिनघोर बांधकाम होत नाही. नव्या प्रकल्पात महारेराचा क्रमांक मागा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतीला नोंदणीतून सूट आहे, आणि रंकाळ्याच्या आसपास अशा लहान इमारतीच जास्त. तिथं तुमचा आधार म्हणजे तुमचा वकील आणि भोगवटा प्रमाणपत्र. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. संचकार करतानाच "लगेच अर्धे द्या" म्हणणाऱ्याला हा नियम ऐकवा. आणि माझ्यासारख्या एजंटचाही महारेरा क्रमांक विचारायला लाजू नका. ज्याच्याकडे तो आहे त्याला राग येत नाही.

एवढं सगळं ऐकून काही जण विचारतात, मग तिथं राहूच नये का? राहावं की. पहाटे फेरीला जमणाऱ्या माणसांच्या ओळखी, म्हातारपणी घराबाहेर पडायला सबब, पोरांना सायकल शिकवायला जागा, हे फायदे बाल्कनीतून मिळत नाहीत, खाली उतरून मिळतात. जो रोज खाली उतरणार आहे, त्याने दोन गल्ल्या मागे, उंचावर, वाऱ्याच्या आडोशाला घर घ्यावं. पैसे वाचतात आणि तळं तेवढंच मिळतं. मला समाधानाने टिकलेली जी घरं माहीत आहेत, त्यांतली बहुतेक अशीच मागच्या गल्लीतली आहेत.

आणि शेवटचा एक प्रश्न, जो मला आजवर फार थोड्या गिऱ्हाइकांनी विचारलाय. आपल्या स्वतःच्या इमारतीचं सांडपाणी कुठं जातं? ते ड्रेनेज लाइनला रीतसर जोडलंय, की मागच्या नाल्यात सोडलंय? तळं खराब करणारे कुणी परके नसतात, काठावर राहायला आलेलेच असतात. ज्या दिवशी पाण्याला वास येईल, त्या दिवशी तुम्ही दृश्यासाठी मोजलेली जास्तीची रक्कम बुडाली. हा प्रश्न बिल्डरला साइटवर, चेंबरचं झाकण उघडायला लावून विचारा. झाकण उघडायला तो खळखळ करू लागला, तर खरेदी तिथंच थांबवा.