जुन्या नाटकांची भाषा : वर्गात उलगडा कसा करावा

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथपासून मराठी नाटकाची परंपरा मोजण्याचा प्रघात आहे. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' (१८८२) व गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९) ही नाटके महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. अशा नाटकातील एखादा प्रवेश वरच्या इयत्तांत वाचावयास अथवा स्नेहसंमेलनासाठी बसवावयास घेतला, की मुले अडखळतात. मग शिक्षक कठीण शब्दांची यादी फळ्यावर लिहितात, मुले ती उतरून घेतात आणि नाटक तेथेच संपते. यास उपाय आहे. परंतु त्यासाठी अडचण नेमकी कोठे आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

१. लेखनातील भेद

जुन्या आवृत्त्यांत 'नाहीं', 'केलें', 'तें' अशी अनुस्वारयुक्त रूपे आढळतात. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले हे अनुस्वार गळाले. वाचताना मुले ते नाकातून उच्चारू लागतात. तसे करू नये, हे प्रथमच सांगावे. मात्र ते निरर्थक होते असेही समजू नये. 'तें आलें' म्हणजे एखादे मूल किंवा वासरू आले; 'ते आले' म्हणजे पुष्कळ जण अथवा एक आदरणीय गृहस्थ आले. आज दोन्ही सारखीच लिहिली जातात. जुन्या छपाईतील टिंब हा फरक डोळ्यांना दाखवीत असे.

२. ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

अगदीच अपरिचित शब्द आला तर मूल विचारते. शब्द ओळखीचा वाटला तर ते विचारीत नाही, आणि फसते. 'प्रवेश' म्हणजे शाळेतील नाव-नोंदणी, 'अंक' म्हणजे गणितातील आकडा, 'प्रयोग' म्हणजे विज्ञानाच्या तासाला करतात तो, एवढेच त्यास ठाऊक असते. 'पद' म्हणजे गाणे, आणि 'संगीत शारदा' म्हणजे पदे असलेले शारदा नावाचे नाटक, हे सांगावे लागते. आज 'नेपथ्य' म्हटले की रंगमंचाची सजावट आठवते. संस्कृत नाटकांच्या परंपरेत ती पडद्यामागची जागा होय. 'वर्तमान' हा शब्द बातमी या अर्थी, 'संभावित' हा प्रतिष्ठित या अर्थी व 'पुसणे' हे क्रियापद विचारणे या अर्थी वारंवार येते. पौराणिक नाटकात पत्नी पतीस 'आर्यपुत्र' म्हणते, तेव्हा मुले त्याला तिचा पुत्र समजतात. पाठ घेण्यापूर्वी असे शब्द शिक्षकाने स्वतः हेरून ठेवावेत.

३. जुनी रूपे आणि घरची बोली

'म्यां', 'मजला', 'तुजला', 'करितों' (पुरुष बोलत असता), 'करितें' (स्त्री बोलत असता) ही रूपे ग्रंथांत वाचून शिक्षक त्यांस 'ग्रांथिक' म्हणतात. परंतु आपल्या वर्गातील मुलगा "म्या केलं" असे म्हणाला, की त्यास 'गावंढळ' ठरवून दुरुस्त केले जाते. वास्तविक हे 'म्या' आणि छापील 'म्यां' एकच होत. 'धाडणे', 'पुसणे', 'निजणे' हे शब्दही पुष्कळ घरांतून आजीच्या तोंडी आहेत. म्हणजे ज्या मुलास आपण भाषेत दुबळे मानतो, त्याच्याच घरी जुन्या नाटकाची किल्ली टांगलेली असते. परीक्षेच्या उत्तरात त्याने 'मी' लिहावे, हे त्यास जरूर शिकवावे. पण 'म्या' ही चूक नसून वडिलोपार्जित रूप आहे, हेही चार मुलांदेखत सांगावे.

सरावासाठी रचलेले पुढील वाक्य पाहा :

"दादा, आपण धाडिलेलें पत्र म्यां मातोश्रींस वाचून दाखविलें. पुढील वर्तमान मजला पुसूं नये. तें सांगतांना माझा कंठ दाटून येतो."

शिक्षकाने हे दोनदा सावकाश वाचावे व अर्थ न सांगता विचारावे : कोण कोणाशी बोलत आहे? घरात बरे घडले की वाईट? मुले कंठ दाटण्यावरून उत्तर देतात. नंतर हेच आपल्या घरच्या बोलीत म्हणावयास सांगावे. "दादा, तुमी धाडलेलं पत्र म्या आईला वाचून दावलं. फुडं काय झालं ते मला इचारू नगा," असे काहीसे उत्तर येईल. किती शब्द बदलले व किती तसेच राहिले, हे मुलांकडूनच मोजून घ्यावे.

४. शब्दांमागील चालीरीती

'शारदा' नाटकात कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी वृद्ध, धनिक भुजंगनाथास देण्यास निघतो. कांचन म्हणजे सोने, भुजंग म्हणजे साप. नावेच स्वभाव सांगतात. आजच्या मुलांस हुंडा ठाऊक असल्याने पैसा मुलीच्या बापाने द्यावयाचा, अशी त्यांची समजूत असते. येथे बापच पैसा घेतो. कन्याविक्रयाची ही चाल आधी सांगितली नाही, तर सारे शब्दार्थ येऊनही नाटक उलटे समजते. मुले म्हाताऱ्या नवरदेवास हसतील, हसू द्यावे. त्यानंतर विचारावे : या व्यवहारात शारदेला कोणी विचारले काय? मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण झाल्याविना विवाह होऊ नये, असे २००६ चा बालविवाह प्रतिबंध अधिनियम सांगतो. तरीही सातवीच्या बाकावरील एखादीस हा प्रश्न परका नसतो. जुन्या भाषेचा पडदा बाजूस झाला, तर तिला तो ऐकू येईल.

पाठाची योजना

दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत चालीरीतींची थोडक्यात ओळख, शिक्षकाचे प्रकट वाचन, मग पात्रे वाटून मुलांचे वाचन. या वेळी शब्दासाठी थांबू नये. घरी जाताना प्रत्येकाने अडलेले तीन शब्द न्यावेत व ते आजी-आजोबांस विचारून यावे. दुसऱ्या तासिकेत त्या शब्दांची देवघेव, घरच्या बोलीत रूपांतर, आणि शेवटी मूळ प्रवेश पुन्हा जुन्याच भाषेत म्हणणे. संवाद सोपे करून बसवू नयेत. अर्थ कळल्यावर मुले तीच वाक्ये ठसक्यात म्हणतात, आणि आपण वडीलधाऱ्यांच्या घरात आलो आहोत, असे त्यांस वाटते. शिक्षक बंधु-भगिनींनी या सत्रात निदान एक प्रवेश या रीतीने घ्यावा व मुलांनी आणलेल्या शब्दांची वही शाळेत जपून ठेवावी, अशी विनंती आहे.