डावी लेन गावाची

सावकाश चालणाऱ्या गाडीमागे अडकलेल्या माणसाचं डोकं किती लवकर तापतं, हे मी रोज पाहतो. माझं घर पोलादपुरात, काम महाडात. मधलं अंतर 18 किलोमीटरच्या आसपास. ताशी 80 ने गेलात तर साडेतेरा मिनिटं लागतात, 60 ने गेलात तर अठरा. म्हणजे हॉर्न, डिपर, शिव्या हे सगळं जेमतेम साडेचार मिनिटांसाठी. हा हिशेब मी कित्येकांना ऐकवलाय आणि एकाचाही राग त्याने उतरलेला नाही. कारण तो राग वेळेचा नसतोच. मोकळा रस्ता समोर दिसतोय आणि हा बाबा उजव्या लेनमध्ये दुभाजकाला चिकटून रांगतोय, बाजूला होत नाही, याचा असतो.

राग रास्त आहे. पण त्या रागात लोक जे करतात, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे फिरवून फटकन पुढे घुसतात, ते आमच्या रस्त्यावर फार महागात पडू शकतं. मुंबईहून येणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. त्यांचा हात एक्स्प्रेस वेवर बसलेला असतो. तिथे एका बाजूला तीन लेन, दुचाकी नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, कडेला कुंपण, आत शिरायला ठरावीकच जागा. तिथे डावी लेन रिकामी दिसली तर ती बहुतेक वेळा खरोखर रिकामी असते. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला तरी तसा बंदिस्त झालेला नाही. नडगाव, लोहारे, पार्ले, बिरवाडीचा फाटा, एमआयडीसीकडे वळणारी वाहनं, शेतातून येणारा बैलांचा जोड, शाळा सुटल्यावर घोळक्याने निघालेली मुलं, हे सगळं डावीकडूनच रस्त्यावर येतं. डावी लेन गावाची असते. ती क्षणभर मोकळी दिसते, एवढंच.

मग सावकाश जाणारा उजवीकडे का बसतो? मला तीन तऱ्हेचे लोक दिसतात.

पहिला घाबरलेला. हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 17 होता आणि दुपदरी होता, तेव्हा आमच्यापैकी बहुतेक जण गाडी शिकले. तेव्हा डावी कड म्हणजे खचलेली साइडपट्टी, पावसाळ्यात चिखल, पंक्चर काढत उभा असलेला ट्रक आणि त्याच्या मागे इशारा म्हणून ठेवलेले दगड. शहाणा चालक डांबराच्या मध्यावर राही आणि समोरून कोणी आलं की तेवढ्यापुरता डावीकडे सरके. ओव्हरटेक करायचा तर पुढच्या ट्रकच्या क्लीनरचा हात खिडकीतून बाहेर येईपर्यंत थांबायचं. रस्त्याचा आकडा 66 झाला, दुभाजक आला, पण तीस वर्षांची सवय ठेकेदाराच्या डांबराबरोबर बदलत नाही. त्या माणसाला दुभाजक म्हणजे आधार वाटतो. त्या बाजूने तरी कोणी येणार नाही, याची खात्री असते.

दुसरा वळणारा. याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. फाट्यावरून बाहेर पडलेल्या मिनीडोर रिक्षावाल्याला किंवा दूधवाल्याला पलीकडच्या बाजूला जायचं असतं. दुभाजकातला छेद थोडा पुढे असतो. तो डाव्या कडेने रस्त्यावर येतो, तिरका होत दोन्ही लेन कापतो आणि छेद येईपर्यंत उजव्या लेनमध्ये ताशी 30 ने चालत राहतो. त्याच्या दृष्टीने तो लवकर तयारीत राहिलाय. मागच्याच्या दृष्टीने तो जाणूनबुजून आडवा आलाय. छेद लांब असेल तर हाच माणूस सरळ उलट्या दिशेने डाव्या कडेने येतो, आणि डावीकडून कट मारणाऱ्याची गाठ पडते ती नेमकी त्याच्याशी.

तिसरा बेफिकीर. कानाला फोन, आरसा फक्त कुंकू आणि भांग पाहण्यापुरता. त्याच्यावर चिडायला माझी हरकत नाही. अडचण अशी की मागून पाहताना तिघेही सारखेच दिसतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, रिपरिप चालू, रस्त्यावर पाण्याचा पातळ थर. उजव्या लेनमध्ये एक छोटा टेम्पो, ताडपत्री बांधलेला, चाळीसच्या आतबाहेर वेगाने चाललेला. त्याच्यामागे मी, माझ्यामागे एक पांढरी मोटार. मोटारवाल्याने आधी डिपर मारले, मग हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी थांबून होतो, कारण पुढे फाटा होता आणि बाजाराचा दिवस होता. पांढरी गाडी डावीकडून सणसणत निघाली, मला मागे टाकलं, टेम्पोच्या बरोबरीला आली, आणि त्याच वेळी फाट्यावरून मिनीडोर बाहेर आली. मिनीडोरवाल्याने उजवीकडे पाहिलं होतं, हे मी स्वतः बघितलं. पण त्याला दिसले ते उजव्या लेनमधल्या टेम्पोचे दिवे, सावकाश आणि लांब. टेम्पोच्या आडून, त्याच्या दुप्पट वेगाने, एक गाडी डावीकडून येतेय हे त्याला दिसणंच शक्य नव्हतं.

ब्रेक लागले, गाडी घसरली, मिनीडोरच्या मागच्या मडगार्डला घासून कडेच्या गटाराच्या काठावर थांबली. माणसं बचावली. मिनीडोरच्या मागच्या बाकावरच्या एका मावशींची टोपली उलटली आणि सुकट सगळी रस्त्यावर, ओली. त्या आधी टोपलीकडे बघत होत्या, मग स्वतःच्या कोपराकडे. खरचटलं होतं.

मोटारवाला उतरला तोच ओरडत. "बघून यायला काय होतं हो तुम्हाला?"

"बघूनच आलो ना साहेब. तुम्ही कुठनं आलात ते सांगा आधी."

"तो टेम्पो उजवीकडे रांगत होता, मी काय करणार?"

आम्ही सगळ्यांनी पुढे पाहिलं. टेम्पो पुढच्या छेदातून वळून केव्हाच निघून गेला होता. आपल्यामागे काय झालं, याचा त्याला पत्ताही नव्हता.

त्या संध्याकाळी वाद रंगला तो मोटारवाला आणि मिनीडोरवाला यांच्यात. तिसरा हजर नव्हता म्हणून सुटला. नियम मात्र तिघांनाही आहेत. मोटार वाहन चालनाचे 2017 चे विनियम ओव्हरटेक उजवीकडून करायला सांगतात. पुढचा उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन त्या बाजूला गेला असेल, तर त्याच्या डावीकडून जायला मुभा आहे. आडरस्त्यावरून येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं. आणि मागचा पुढे जात असताना आपण वेग वाढवायचा नाही, हेही त्यात आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम बहुधा हाच. मागच्याने इंडिकेटर दाखवला की पुढच्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो, हा आजार गाडी लहान असो की मोठी, सगळ्यांना आहे.

तर अशा रांगणाऱ्या गाडीमागे सापडलात तर काय करायचं? पहिलं म्हणजे मागे राहा. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात सेकंद मोजा. तुम्ही तिथे पोचेपर्यंत तीन तरी व्हायला हवेत, पावसात चार-पाच. बंपरला बंपर लावून मागचा दबाव टाकतो असं समजतो, प्रत्यक्षात पुढच्याला आरशात त्याचे दिवेच दिसेनासे होतात. अंतर ठेवून एकदा डिपर द्या, एक आखूड हॉर्न वाजवा आणि थांबा. घाबरलेला माणूस पाच-दहा सेकंदांनी डावीकडे सरकतो. त्याला तेवढा अवधी द्या. वळणारा छेदापाशी आपोआप जातो. बेफिकिराचा फोन संपायची वाट पाहावी लागते, त्याला माझ्याकडे औषध नाही.

आणि डावीकडून जाण्याची वेळ आलीच, तर फाटा, एसटीचा थांबा, पेट्रोल पंप, वडापावची गाडी यांपैकी काही समोर दिसत असताना अजिबात नको. एरवीही पुढच्यापेक्षा थोड्याच जास्त वेगाने, उसळी मारून नव्हे. तुम्ही 80 ने आणि मिनीडोर 20 ने असेल तर दोघांमधलं 50 मीटरचं अंतर तीन सेकंदांत संपतं. ओल्या रस्त्यावर तीन सेकंद म्हणजे काहीच नाही.

आता सावकाश जाणाऱ्यांना. सावकाश जाणं हा गुन्हा नाही. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारीला ताशी 100 ची मर्यादा केंद्राने 2018 मध्ये ठेवली आहे, ती गाठलीच पाहिजे असं कोणी म्हटलेलं नाही, आणि जागोजागचे फलक त्याहून कमी वेग सांगतात. तुम्ही पन्नासने जा, फक्त डावीकडून जा. कडेची भीती वाटत असेल तर डाव्या लेनच्या मधोमध राहा, पांढऱ्या पट्टीला चिकटू नका. कडेला उभं वाहन दिसलं की आधी आरसा, मग इंडिकेटर, मग उजवीकडे, आणि ते ओलांडलं की परत डावीकडे. हे परत येणंच लोक विसरतात. आरशात दोन गाड्या साचलेल्या दिसल्या तर समजा की सरकायला उशीर झालाय.

सावित्रीच्या पुलावर मात्र मी कोणाला हॉर्न देत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवा पूल सुरू झाला, तो भक्कम आहे, तरी पावसाळी रात्री तिथे आल्यावर इथल्या कित्येक चालकांचा पाय आपसूक सैल होतो. मागच्या परक्या माणसाला त्याचं कारण कसं कळणार? कळलं नाही तरी चालेल, अंतर ठेवलं की पुरे.

सेवा रस्त्यावरून महामार्गाला लागणाऱ्यांचा प्रकार वेगळा. पोलादपुरात महामार्ग खालून नेलाय, गाव वर सेवा रस्त्यांवर. तिथून बाहेर पडताना बहुतेक जण आरशावर विसंबतात. तिरक्या तोंडाला आरसा अर्धाच रस्ता दाखवतो; मान वळवावी लागते. नुसते दिवे पाहून भागत नाही, त्यांच्या आडून दुसरे दिवे येत नाहीत ना, हेही पाहावं लागतं. त्या मिनीडोरवाल्याची गफलत झाली असेल तर एवढीच. रस्त्यावर आल्यावर आधी डाव्या लेनमध्येच राहा, वेग धरा, मग छेदासाठी उजवीकडे जायचं असेल तर इंडिकेटर देऊन एका वेळी एक लेन बदला. आणि महामार्गावर असलेल्याने, उजवी लेन मोकळी असेल तर येणाऱ्यासाठी क्षणभर तिकडे सरकावं. हक्क तुमचा आहे म्हणून रेटून नेण्यात काय मिळतं?

ट्रकच्या उजव्या इंडिकेटरवर एक शब्द. जुन्या दुपदरी रस्त्यावर त्याचे दोन उलटे अर्थ होते. एखादा सांगे, "जा पुढे," तर दुसरा सांगे, "समोरून कोणी येतंय, थांब." चौपदरीवर तिसरा अर्थ आला: मीच उजवीकडे येतोय. मी आता तो इंडिकेटर दिसला की फक्त हा तिसरा अर्थ धरतो आणि ट्रक काय करतो ते पाहिल्याशिवाय त्याच्या बाजूला जात नाही. चारही इंडिकेटर लावून पावसात गाडी हाकणाऱ्यांनाही हात जोडून विनंती आहे. ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीचे चारही लुकलुकायला लागले की तुम्ही कुठे वळताय, हे मागच्याला कळायचा मार्ग बंद होतो. पावसात हेडलाइट डिपरवर ठेवा, तेवढे पुरतात.

कशेडीचा बोगदा सप्टेंबर 2023 मध्ये हलक्या वाहनांसाठी पहिल्यांदा खुला झाला. सुमारे दोन किलोमीटरचा. घाटातली मोठी वळणं वाचली, पण भर उन्हातून आत शिरताना डोळ्यांना अंधार काही क्षण झेपत नाही. तेव्हा तोंडापाशी लेन बदलू नका, दिवे आधीच लावा. जुन्या घाटाने जात असाल तर चढणाऱ्या भरल्या ट्रकला मान द्या. रस्ता अपुरा असेल तिथे उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियमच आहे. चढावर ट्रक थांबला तर त्याच्या मागे गाडीभर जागा सोडा, तो गियर टाकताना मागे सरकू शकतो.

गणपतीत मुंबईहून येणाऱ्यांची खरी परीक्षा आमच्या अलीकडेच, माणगावात होते. चौपदरी संपते, रस्ता गावात शिरताना अरुंद होतो. तिथे दोन रांगांची एक व्हायची असते. एक गाडी या रांगेतली, एक त्या रांगेतली, असं चाललं तर रांग सावकाश का होईना हलत राहते. पण कोणीतरी तिसरी रांग काढतो, समोरच्या बाजूने घुसतो. समोरून एसटी येते, तिला जागा नाही, ती थांबते, तिच्यामागे सगळं थांबतं, आणि मग दोन्ही दिशा तास-तास ठप्प. घुसणाऱ्याला वाटतं आपण पन्नास गाड्या वाचवल्या. तुम्ही रांगेत असाल आणि शेजारच्या लेनमधला एक जण इंडिकेटर देऊन आत येऊ पाहत असेल, तर त्याला घ्या. एकाला घ्या, दुसऱ्याला नको. मागचा घेईल त्याला.

आणि घासाघीस झालीच, तर भांडण लेनमध्ये उभं राहून करू नका. जखमी नसेल तर फोटो काढा, गाड्या डावीकडे कडेला घ्या, आता चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा. कोणाला लागलं असेल तर रुग्णवाहिकेसाठी 108, महामार्गाच्या मदतीसाठी 1033. त्या संध्याकाळी दोघे हमरीतुमरीवर आले होते ते उजव्या लेनमधून लोक झपाझप जात असताना, रस्त्यात उभे राहूनच. शेवटी मावशीच बोलल्या, "भांडा रे बाबांनो, पण पलीकडं होऊन भांडा." मग कुठे दोघे हलले. सुकटीचे पैसे मोटारवाल्याने दिले, मडगार्डचे दोघांनी अर्धे-अर्धे करायचं ठरलं.