जुन्या पिकअपचे मीटर दुरुस्त करायचेत? आधी तपासणीचे पैसे घ्या!

व्हिडिओत टेबलावर जे मीटर दिसतायत ते 1951 च्या शेव्हरोलेट 3100 पिकअपचे. त्यातल्या एका मीटरने मला 14,000 रुपयांचा धडा शिकवला. बीबीएच्या वर्गात तो कुणी शिकवला नव्हता. तुम्हाला तो फुकट मिळावा म्हणून हा लेख.

जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली. 1954 साली ते काम थांबलं. त्या जमान्यातल्या गाड्या आजही कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या वाड्यात उभ्या असतात. मालकांना नवे डिजिटल मीटर नको असतात, मूळचेच चालू करून हवे असतात. म्हणजे काम आहे, आणि ते करणारे हात कमी आहेत. पण या कामात पैसे मिळतात तसेच बुडतातही.

माझी चूक

दुकान सुरू करून दुसरंच वर्ष होतं. एक काका गाडी घेऊन आले. "ऑइलचा काटा शून्यावरच असतो, बघा जरा." मी न तपासताच सांगून टाकलं, "काका, 3,000 मध्ये करून देतो."

या गाडीत ऑइल, टेम्परेचर, अँपिअर आणि पेट्रोल हे चारही काटे एकाच गोल डब्यात असतात. टेम्परेचर मीटरची तांब्याची बारीक नळी थेट इंजिनच्या हेडपर्यंत जाते आणि तिच्या टोकाला बल्ब असतो. तो बल्ब गंजून घट्ट बसला होता, त्यामुळे डबा बाहेर येईना. मी विचार केला, नळीच तर आहे, कापू, मग सोल्डर करू. कापली. ईथरचा वास आला आणि चांगला चालणारा टेम्परेचर मीटर कायमचा गेला.

आणि ऑइलच्या काट्याचं काय झालं होतं? त्याच्या नळीत गाळ साचला होता, बस. अर्ध्या तासाचं काम! तसला दुसरा मीटर बाहेरून मागवताना माझे 14,000 गेले. काका काही बोलले नाहीत, पण पुन्हा दुकानात आलेही नाहीत. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

आधी यंत्र समजून घ्या

1. ऑइल प्रेशर मीटर. इथे इंजिनातलं ऑइल नळीतून खरोखर डॅशबोर्डपर्यंत येतं. मीटरमध्ये एक चपटी, वाकवलेली नळी असते, तिला बोर्डन ट्यूब म्हणतात. फ्रान्सच्या युजीन बोर्डन यांनी 1849 साली तिचं पेटंट घेतलं. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. काटा शून्यावर असेल तर आधी इंजिन बंद करा. मग चांगला टेस्ट गेज इंजिनला लावून थोडा वेळच चालवून बघा. दाब खरंच नसेल तर तो इंजिनचा आजार आहे, गाडी इंजिनवाल्याकडे पाठवा. दाब असेल तर आधी नळी साफ करा. मीटर तपासताना रेग्युलेटर लावूनच हवा द्या. या गाडीचा डायल 30 पौंडांपर्यंतच आहे, टायरची हवा थेट सोडलीत तर ट्यूब कायमची वाकेल.

2. टेम्परेचर मीटर. बल्ब, नळी आणि मीटर हे तिन्ही मिळून एकच सीलबंद वस्तू आहे, आत ईथर असतं. बल्ब तापला की आतल्या वाफेचा दाब वाढतो आणि काटा चढतो. तपासायचं असेल तर बल्ब गरम पाण्यात ठेवा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि दोन्ही आकडे जुळवा. डायल फॅरनहाइटमध्ये असतो, 100 अंश सेल्सिअस म्हणजे 212. नळी तुटली असेल तर दुसऱ्या मीटरचा बल्ब जोडता येतो. पण ईथर साधारण 35 अंशांनाच उकळतं, आपल्याकडे मे महिन्यात दुकानातच तेवढं तापमान असतं! म्हणून बल्ब बर्फ-मिठात ठेवूनच हे काम करतात. ईथर पटकन पेटतं, तेव्हा सराव नसेल तर हात लावू नका, जाणकाराकडे द्या.

3. स्पीडोमीटर. गिअरबॉक्सकडून येणारी केबल आतलं चुंबक फिरवते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. काटा थरथरत असेल तर आधी केबल बघा. बरेचदा ती कोरडी पडलेली किंवा दुमडलेली असते. अमेरिकन मीटरमध्ये साधारणपणे केबलचे 1,000 फेरे म्हणजे एक मैल. म्हणून मिनिटाला 1,000 फेरे दिले की काटा 60 मैलांवर यायला हवा.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तक्रार डॅशबोर्डवर दिसते, पण बिघाड अनेकदा नळीत, केबलमध्ये किंवा इंजिनात असतो.

आता धंद्याचं गणित

- तपासणी वेगळी, दुरुस्ती वेगळी. मी आता तपासणीचे 1,500 आधी घेतो. काम दिलं तर ते बिलातून वजा करतो. जो 1,500 द्यायला तयार नाही, तो पुढे बिलावरही वाद घालतो.
- खोलण्याआधी फोटो आणि जॉब कार्ड. कुठला काटा कुठे होता, काच फुटलेली होती का, सगळं लिहा आणि ग्राहकाची सही घ्या.
- अडकलं की थांबा आणि फोन करा. "काका, बल्ब निघत नाही. जोर लावला तर तुटू शकतो. काय करू?" हा एक फोन माझे 14,000 वाचवू शकला असता.
- न येणारं काम बाहेर द्या, आणि ग्राहकाला तसं सांगा. आणण्या-नेण्याचं आणि जबाबदारीचं तुमचं मार्जिन उघडपणे लावा.
- किलोमीटर किंवा मैलांचा आकडा बदलू नका. कुणी कितीही पैसे देऊ द्या. आलेला आकडा बिलावर लिहा.
- डायल घासून नवा करू नका. थिनर लावलंत तर जुनी छपाई निघून जाते. ग्राहक त्या जुनेपणाचेच पैसे देतोय.

तुमचा गृहपाठ

तुमचा धंदा मोबाइल दुरुस्तीचा असो की शिलाईचा, एक कागद घ्या. गेल्या तीन महिन्यांत न तपासता दर सांगितलेली कामं लिहा. प्रत्येकात किती वेळ आणि किती पैसे जास्त गेले ते समोर मांडा. ती बेरीज बघितलीत की तपासणीचे पैसे मागायला लाज वाटणार नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, घाईत काही कापू नका!