गोळी तीच, शरीर वेगळं

प्रश्न : आई 78 वर्षांची. डायझेपामची 5 मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षं घेते, कधी त्रास नाही. माहितीपत्रकात वृद्धांना सुरुवातीला 2 ते 2.5 मिलिग्रॅमच का?

उत्तर : कारण वयानुसार शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, हे औषध तिच्यात मुरतं आणि यकृतही त्याचा निचरा सावकाश करतं. विशीत साधारण 20 तासांत निम्मं होणारं औषध ऐंशीत त्यासाठी 90 तासांच्या आसपास घेतं. कालची गोळी शिल्लक असतानाच आजची पोटात जाते. त्रास नाही म्हणता, पण रात्री उठताना जाणारा तोल आणि दिवसाचा विसराळूपणा आपण सर्रास वयाच्या खात्यावर मांडतो! मात्र गोळी एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवा. त्याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.