विसरता येईल असं नेस

पोरी, परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. "आत्या, संमेलनाला काय घालू?" आणि थोडं थांबून, "मी कुणाशी बोलले नाही तर चालेल ना?" हे दोन्ही प्रश्न माझ्या जुन्या ओळखीचे आहेत. १९९७ साली सत्तरावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या नगरला भरलं, तेव्हा हेच प्रश्न मनात घेऊन मी शेवगावहून एसटीत बसले होते. मला सांगणारं कुणी नव्हतं. तुला सांगायला मी आहे, म्हणून नीट लिहून पाठवते.

आधी माझी गोष्ट ऐक. इतकी मोठी माणसं येणार, आपण त्यांच्यात शोभायला हवं, म्हणून मी तुझ्या आईच्या लग्नातली पैठणी मागून नेली होती. कोपरगावच्या शेजारच्या येवल्याची, खऱ्या जरीची. सकाळी दहाच्या सुमारास माझ्याच बांगडीच्या टोकात पदराची जर अडकली आणि एक धागा ओढला गेला. त्यानंतरचा सगळा दिवस मी तो पदर मुठीत धरून बसले. अध्यक्ष होते ना. सं. इनामदार. त्यांची 'राऊ' मी शाळेच्या ग्रंथालयातून आणून रात्री जागून वाचली होती. तो लेखक समोर बोलत होता आणि माझं लक्ष पदरावर होतं. त्या भाषणातलं एक वाक्यही मला घरी आणता आलं नाही. वहीत मी तारीख घातली होती, तिच्याखाली काही नाही. याची हळहळ मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी शाळेत नेसायची निळी सुती साडी नेसले. दुपारपर्यंत अंगावर काय आहे हे मी विसरून गेले, आणि मग मला ऐकू यायला लागलं. त्या एका दिवसाच्या टिपणांनी वहीची अकरा पानं भरली. आता जे सांगणार आहे ते सगळं त्या दोन दिवसांतल्या फरकातून शिकलेलं आहे.

नवं काही तिथे पहिल्यांदा घालू नकोस

लाजऱ्या माणसाला आधीच वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. त्यात टोचणारं, सरकणारं, सळसळणारं कापड अंगावर असलं की मन दिवसभर तिथेच अडकतं. तेव्हा विसरता येईल असं नेस. कापड बाजारातून नवी सुती साडी आणलीस तर आधी दोनदा धू, म्हणजे खळ उतरते आणि निऱ्या अंगालगत बसतात. फॉल-पिको आठवडाभर आधी करून घे. साडी नेसून घरात एक पूर्ण दिवस वावर. जिना चढ, खाली बस, हात वर करून फळीवरचं पुस्तक काढ. जिथे अडेल तिथे पिन लाव, आणि चार पिना जवळ जास्तीच्या ठेव. कुर्ता घालणार असशील तर खिशाचा घाल. हातांचं काय करावं हे न सुचणाऱ्या माणसाला खिसा हा मोठा आधार असतो.

चपला तर नव्या नकोतच. ग्रंथदिंडीत चालावं लागतं, आणि घासलेली टाच घेऊन कुणाशी हसून बोलता येत नाही. दोन आठवडे घरात वापरून मऊ झालेला जोड घे.

तीन दिवसांचं आधीच ठरवून ठेव

सकाळी उठून पेटीपुढे उभं राहून ठरवायचं म्हटलं की धीर तिथेच खचतो. प्रत्येक दिवसाचा जोड परकर, ब्लाऊज, रुमाल, पिनांसकट वेगळ्या पिशवीत बांध. आता संमेलनं बहुतेक थंडीत भरतात. आपल्याकडची थंडी तुला माहीत आहे, सकाळी शालीशिवाय बाहेर निघवत नाही आणि दुपारी मांडवात घाम येतो. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ शाल ने. घडी केली की ती पिशवीत मावते, आणि बावरल्यासारखं झालं तर खांद्यावरून ओढून घेता येते.

जेवणाच्या वेळेचाही विचार कर. आपल्याकडच्या आमटीचा थेंब फिक्या साडीवर पडला तर हळदीचा डाग पडतो. साबण लावला की तो लाल होतो, त्याने घाबरू नकोस. धुऊन कडक उन्हात वाळव, ऊन हळदीचा रंग खातं. तरी मधल्या दिवशी, जेव्हा सगळ्यांत जास्त माणसांत वावरायचं असतं, तेव्हा गडद रंगच घाल.

शान्ता शेळके आठवतात? आपल्या नगरच्या आदल्याच वर्षी, १९९६ साली, आळंदीच्या संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांची छायाचित्रं बघ. दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. रोज जशा राहायच्या तशाच त्या मोठ्या व्यासपीठावर बसल्या. आपल्या रोजच्या वेषातच आपण सगळ्यांत निवांत असतो.

अंगावर एक गोष्ट बोलकी असू दे

बाकी सगळं साधं असलं तरी एक वस्तू अशी ठेव, की जिच्यावरून दुसरा माणूस बोलायला सुरुवात करेल. खणाचं ब्लाऊज, आजीची जुनी बोरमाळ किंवा तू स्वतः भरतकाम केलेली शबनम. लाजऱ्या माणसाला पहिलं वाक्य जड जातं, उत्तर देणं सोपं जातं. "हा खण कुठला हो?" असं कुणी विचारलं की पहिलं वाक्य तिने उचललेलं असतं, तुला फक्त पुढे न्यायचं असतं. वस्तू मात्र खरोखर तुझी असावी, तिच्यामागे सांगण्यासारखं काही असावं.

बिल्ल्यावर गावाचं नाव लिही

प्रतिनिधींच्या बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरात लिही आणि खाली गाव लिही. हा माझा सगळ्यांत खात्रीचा कानमंत्र आहे. मराठी माणूस नाव वाचून पुढे जातो, गाव वाचून थांबतो. "शेवगावच्या का? आमची मावशी तिथेच दिली आहे," एवढ्यावर माझ्याशी तेव्हा चार बायका बोलल्या. त्यांतल्या एकीला मी पुढे पुष्कळ वर्षं पत्रं लिहीत होते. बिल्ला टोचायचा असेल तर रेशमावर टोचू नकोस, छिद्र कायमचं राहतं. सुती पदराच्या चुण्यांवर लाव किंवा फितीने गळ्यात घाल.

लवकर पोच

भरलेल्या मांडवात शिरणं अवघड असतं, रिकाम्या मांडवात बसणं सोपं असतं. अर्धा तास आधी जा. तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेची खुर्ची धर. कडेला बसलेल्या माणसाला कुणाच्याही गुडघ्यांवरून न जाता उठता येतं, आणि उठता येतं हे माहीत असलं की बहुधा उठावं लागत नाही. मग एकेक माणूस येत जातो आणि गर्दी हळूहळू ओळखीची होते.

ही जागा आपली नाही, असं मनात आलं तर एवढं आठव. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. अध्यक्षाच्या खुर्चीवर बाई दिसायला १९६१ उजाडलं. त्या ग्वाल्हेरला बसलेल्या कुसुमावती देशपांडे. १९७५ साली कऱ्हाडला दुर्गा भागवत आल्या. २०२५ साली दिल्लीला तारा भवाळकर अध्यक्ष होत्या, ज्यांनी आयुष्यभर बायकांच्या ओव्यांचा, लोककथांचा अभ्यास केला. ज्या बायका चारचौघांत तोंड उघडत नव्हत्या, त्या पहाटे जात्यापाशी बोलल्या, आणि ते बोलणं आज मराठीचं धन मानलं जातं. तुझी कडेची खुर्ची या सगळ्यांनी मिळवून ठेवलेली आहे. तिच्यावर नीट टेकून बस.

ऐकणाऱ्याचंही नाव राहतं

तुझा दुसरा प्रश्न होता, बोलले नाही तर चालेल का. चालेल. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवर निरूपण केलं तेव्हा ते लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा होते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं आपण मानतो, तो पैस खांब तुला मी लहानपणी दाखवला आहे. सच्चिदानंदबाबांनी ऐकलं आणि उतरवून घेतलं, आणि त्यांचं नाव ज्ञानेश्वरीच्या शेवटी कायम राहिलं. मन लावून ऐकणं हे एक कामच आहे, आणि लाजरी माणसं ते फार चांगलं करतात.

तेव्हा वही ने. प्रत्येक परिसंवादातलं पटलेलं एक आणि न पटलेलं एक लिही. वही उघडी असली की हातांना काम राहतं, आणि शेजारची बाई हटकून विचारते, "काय लिहून घेतलंत हो?"

बोलायचं तर जेवणाच्या रांगेत

व्यासपीठाखाली लेखकांभोवती जो घोळका होतो त्यात शिरू नकोस, तिथे तुझा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही. रांगेत मात्र सगळे सारखे असतात. सगळ्यांच्या हातात ताट असतं आणि सगळे भुकेलेले असतात. "सकाळचं कुठलं सत्र ऐकलंत?" हा प्रश्न कुणालाही विचारता येतो.

एखाद्या लेखकाला भेटायचंच असेल तर "तुमचं लेखन खूप आवडतं" म्हणू नकोस. त्यावर त्यांना "धन्यवाद" म्हणण्यापलीकडे काही सुचत नाही आणि मग दोघंही अवघडतात. एका पुस्तकातलं एक पान, एक पात्र, एक शब्द मनात धरून जा आणि त्याबद्दल एक प्रश्न विचार. लिहिणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं की समोरचीने खरंच वाचलं आहे. स्वाक्षरी हवी असेल तर तुझं नाव आधीच चिठ्ठीवर स्पष्ट लिहून ठेव, म्हणजे गोंगाटात तीनदा सांगावं लागत नाही.

कविकट्ट्यावर वाचायचं असेल तर

नाव नोंदव. आपण होऊन कुणी बोलावणार नाही. छोटी कविता घे, दोन-तीन मिनिटांत संपणारी. ती मोठ्या अक्षरात लिही आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटव. सुटा कागद हाताच्या थरथरीने फडफडतो, ती थरथर आपल्यालाच दिसते आणि वाढत जाते. पुठ्ठा हलत नाही. माईकपासून चार बोटं अंतर ठेव. शेवटच्या रांगेतल्या एका माणसाकडे बघून पहिली ओळ म्हण. आधी प्रस्तावना करू नकोस आणि माफीही मागू नकोस.

आणि जशी घरी बोलतेस तशी बोल. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नगरला राहिलेल्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, अक्षर त्यांना नवऱ्याने शिकवलं. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला, आणि आजही ते पुस्तक उघडलं की ओसरीवर बसून कुणी बोलतंय असं वाटतं. तुझ्या तोंडची शेवगावची मराठी लपवू नकोस.

रोज अर्धा तास कुणाचाही नको

दुपारी चारच्या सुमारास लाजऱ्या माणसाची शक्ती संपते. डोकं जड होतं, उगाच रडू येतं. तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नकोस, माणसांत वावरण्याचा तो थकवा असतो. ग्रंथप्रदर्शनात जा. पुस्तकांच्या गाळ्यांमध्ये एकट्याने तासभर उभं राहिलं तरी कुणाला नवल वाटत नाही. पाणी पी, चार पुस्तकं चाळ, मग परत ये. संध्याकाळचं कविसंमेलन अर्ध्यावर सोडून झोपायला गेलीस तरी कुणाचा मान मोडत नाही.

पैठणी परत करताना माझे हात कापत होते. तुझ्या आईने ओढलेला धागा बघितला, सुईने आतल्या बाजूला घेतला आणि विचारलं, "वन्सं, भाषण कसं झालं?" मला सांगता आलं नाही. ती पैठणी आता तुझ्या कपाटात आहे. लग्नकार्यात हौसेने नेस. संमेलनाला तुझी ती धुऊन मऊ झालेली मोरपंखी सुती साडी ने.

सोबत माझी ती जुनी वही पाठवते आहे. पहिल्या दिवसाच्या तारखेखालचं पान कोरं आहे, ते तसंच राहू दिलं आहे. मागची बरीच पानं शिल्लक आहेत, तिथून तू सुरू कर. तुझं पहिल्या दिवसाचं पान भरलेलं मला बघायचं आहे.