नव्वदीतले सायकलपटू आणि ‘स्टेरॉइड’चा संशय

कार्ल ग्रोव्ह हे अमेरिकेतील इंडियाना राज्याचे सायकलपटू. २०१८ च्या जुलै महिन्यात, वयाच्या नव्वदीत, त्यांनी ज्येष्ठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या वयोगटाचा जागतिक विक्रम केला. नियमाप्रमाणे त्यांची लघवी तपासली गेली आणि तीत ट्रेनबोलोन या औषधाचा अंश सापडला. ट्रेनबोलोन हे स्नायू वाढवणारे स्टेरॉइड आहे. बातमी जगभर गेली. नव्वद वर्षांचा म्हातारा स्टेरॉइड घेतो, म्हणून लोक हसले.

पण गोष्ट तिथे संपत नाही. आदल्या दिवशीही त्यांची तपासणी झाली होती आणि तिच्यात काही सापडले नव्हते. मग एका रात्रीत काय घडले? त्या संध्याकाळी त्यांनी जेवणात कलेजी खाल्ली होती. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या जनावरांना लवकर वजन भरावे म्हणून ट्रेनबोलोन देतात. तिथल्या उत्तेजक-विरोधी संस्थेने चौकशी केली आणि हा अंश बहुधा त्या कलेजीतूनच आला असे मान्य केले. ते वापरत असलेल्या एका पूरक आहाराच्या डब्यातही लेबलवर न लिहिलेले दुसरे बंदी असलेले औषध निघाले. ग्रोव्ह यांच्यावर खेळबंदी आली नाही, फक्त जाहीर ताकीद मिळाली. विक्रम मात्र गेला. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, मग ते कुठूनही आलेले असो, असा या क्षेत्रातला नियम आहे. आम्हाला तो नियम कठोर वाटतो. पण तो सैल केला तर पकडला गेलेला प्रत्येक जण कलेजीचेच नाव सांगेल, हेही खरे.

वयस्क माणसाने मोठी कामगिरी केली की संशय का येतो, ते समजून घेऊ. तिशी-पस्तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके दरवर्षी थोडे उतरतात. श्वासातून घेतलेला प्राणवायू वापरण्याची ताकद, व्यायाम न करणाऱ्या माणसात, दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. मात्र जो नियमाने व्यायाम करत राहतो त्याची घट बरीच कमी असते. आपण ज्याला म्हातारपण म्हणतो त्यातला मोठा भाग निव्वळ बसून राहण्याचा असतो. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी ७३ व्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरहून थोडे जास्त अंतर, तीन तासांच्या आत पार केली. पुढे ८५ व्या वर्षी तीच शर्यत त्यांनी चार तासांच्या आत संपवली. ते घराजवळच्या दफनभूमीतल्या वाटेवर रोज तासन्‌तास संथ धावत. महागडा कोच नाही, खास बूट नाहीत.

फसवणूक होतच नाही असे मात्र कुणी समजू नये. बेल्जियममध्ये जन्मलेले अमेरिकी धावपटू एडी हेलेबुइक यांनी चाळिशी ओलांडल्यावर मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांचा विक्रम केला होता. २००४ मध्ये त्यांच्या तपासणीत ‘ईपीओ’ सापडले. सहा वर्षे ते नाकारत राहिले आणि २०१० मध्ये त्यांनी कबुली दिली. हे ईपीओ आपल्या वस्तीत अनेक घरांना माहीत आहे. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला रक्त वाढावे म्हणून जे इंजेक्शन देतात, तेच. निरोगी मूत्रपिंड हे द्रव्य स्वतः बनवते, मूत्रपिंड निकामी झाले की बाहेरून द्यावे लागते. रुग्णासाठी ते जीवदान आहे. धडधाकट माणसाने घेतले तर रक्त घट्ट होते आणि गाठी होऊन हृदय किंवा मेंदूला झटका येऊ शकतो. पन्नाशीच्या पुढे, आधीच रक्तदाब किंवा साखर असेल तर, हा धोका आणखी मोठा.

दुसऱ्या टोकाला ख्रिस हॉर्नर. २०१३ मध्ये ४१ व्या वर्षी त्यांनी स्पेनची तीन आठवड्यांची मोठी सायकल शर्यत जिंकली. एवढ्या वयात अशी शर्यत कुणी जिंकली नव्हती. शर्यत संपल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासणी चुकवल्याची बातमी फुटली. खरे असे की हॉर्नर यांनी हॉटेल बदलल्याचे रीतसर कळवले होते, तपासनीस जुन्याच हॉटेलवर गेले. पुढे त्यांनी आपल्या रक्ततपासण्यांची अनेक वर्षांची नोंद लोकांसमोर ठेवली. तज्ज्ञांत त्यावरही मतभेद राहिले, पण तपासणीत ते कधी दोषी निघाले नाहीत. अशा नोंदीला जैविक पासपोर्ट म्हणतात. एकाच खेळाडूचे रक्त वर्षानुवर्षे तपासून त्याचे हिमोग्लोबिन आणि नव्या रक्तपेशी अचानक का बदलल्या ते त्यातून पाहतात. अमेरिकेच्या जलतरणपटू डारा टोरेस यांनी तर ४१ व्या वर्षी, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या आधी, स्वतःहून जास्तीच्या तपासण्या करून घेतल्या. तिथे त्यांना तीन रौप्यपदके मिळाली.

आपल्याकडे संशय आणखी एका वाटेने येतो, तो वयाचा. लंडनमध्ये राहिलेले पंजाबी धावपटू फौजा सिंग यांनी २०११ मध्ये, शंभराव्या वर्षी, टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. पासपोर्टवर जन्म १९११ होता, पण त्या काळातला जन्मदाखला नव्हता, म्हणून गिनीज बुकने नोंद घेतली नाही. आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या किती आजी-आबांच्या कागदावर जन्मतारीख १ जून आहे, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली! कागद नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. तसेच कागद नसताना विक्रम मोजायचा कसा, हाही प्रश्न उरतोच.

आता आपल्या दाराशी येऊ. ‘स्टेरॉइड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या औषधांना लागतो आणि त्यातून घोटाळा होतो. पहिला प्रकार स्नायू वाढवणारा, ग्रोव्ह यांच्या लघवीत सापडला तो. दुसरा प्रकार सूज आणि दाह कमी करणारा, म्हणजे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन वगैरे. दमा, संधिवात, किडनीचे काही आजार, त्वचेचे काही आजार यांत डॉक्टर हा दुसरा प्रकार देतात. त्याने अंग पिळदार होत नाही.

हा दुसरा प्रकारच वस्तीत चोरून शिरतो. गुडघेदुखीच्या नाव नसलेल्या पुड्या, ‘जडीबुटीचे’ चूर्ण, वजन वाढवायच्या सुट्या गोळ्या यांत अनेकदा स्वस्त डेक्सामेथासोन मिसळलेले असते. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, चेहरा भरतो. आजी म्हणतात, बाबाच्या पुडीला गुण आहे. काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात, कातडी पातळ पडून जरा लागले तरी निळी होते. अंगात दबलेला क्षयही उठू शकतो.

आणि इथे एक सूचना नीट वाचा. असे औषध बरेच दिवस घेतले असेल तर एकाएकी बंद करू नका. बाहेरून मिळते म्हणून शरीर स्वतःचे द्रव्य बनवणे थांबवते. अचानक तोडले की गळून जाणे, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे होऊन जीव धोक्यात येतो. शेजारी म्हणाले ‘हे स्टेरॉइड आहे, फेकून द्या’, तरी फेकू नका. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा. डोस कसा उतरवायचा ते डॉक्टर सांगतील.

पहिला प्रकार जिममधून येतो. मुलांना डब्यातून मिळतो, चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांना ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून. हृदयाचा स्नायू जाड होणे, वाईट कोलेस्टेरॉल वाढणे, यकृताला इजा, वीर्यातील शुक्राणू घटणे हे त्याचे परिणाम. मूल होत नाही म्हणून सुनेला तपासणीला पाठवणाऱ्या घराने आधी मुलाच्या जिमच्या पिशवीत काय आहे ते विचारावे.

ज्येष्ठांच्या स्पर्धेत धावणाऱ्या आपल्या आजी-आबांसाठी थोडे. मधुमेहाचे इन्सुलिन आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवीची गोळी ही दोन्ही बंदीच्या यादीत आहेत. लघवीची गोळी यासाठी की ती दुसरे औषध लपवू शकते. अटेनोलोल, मेटोप्रोलोल यांसारख्या गोळ्या नेमबाजी आणि तिरंदाजीत चालत नाहीत. मेटफॉर्मिन आणि अॅम्लोडिपिनवर बंदी नाही. दम्याचा सालब्युटामोलचा पंप ठरलेल्या प्रमाणात चालतो. यादीतले औषध खरोखर गरजेचे असेल तर डॉक्टरांच्या कागदपत्रांसह उपचारासाठीची सवलत मागता येते आणि ती मिळतेही. शर्यतीसाठी इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. आयोजकांना आधी विचारा, आपल्या औषधांची नावे चिठ्ठीवर लिहून ती शर्यतीच्या दिवशी खिशात ठेवा. वाटेत चक्कर आली तर उचलणाऱ्याला तीच चिठ्ठी उपयोगी पडेल.